हाइंडहेडच्या माळावरील फेरी

पायीं फिरावयास निघणाऱ्या मनुष्यास उंच पर्वतच पाहिजे असें नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण भागांत सरे नांवाचा परगणा आहे. त्यांत लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें चाळीस मैलांवर, पोर्ट्समथ बंदराकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाच्या कडेस, हाइंडहेड नांवाचें गांव वसलें आहे. गांवाशेजारचा सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून ८९२ फूट, म्हणजे २७२ मीटर. पुणें शहर ज्या उंचीवर आहे तिच्या निम्मीच ही उंची. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मनुष्यास हिला डोंगर म्हणतांना संकोच वाटेल. परंतु या टेकाडांमधून तीन-साडेतीन मैलांची एक वर्तुळाकार वाट जाते. जेथून निघावें तेथेंच ती परत आणून सोडते. वाटेंत कोठेंहि हातांचा आधार घेऊन चढावें लागत नाहीं. मुलेंबाळें व वृद्ध माणसें बरोबर असलीं तरी दोन-अडीच तासांत ती सहज पुरी होते. अर्धी वाट उघड्या माळावरून आहे आणि अर्धी झाडींतून. एवढ्या अल्प श्रमांत एवढें पाहावयास मिळावें अशीं स्थळें थोडीं असतात. आणि या स्थळाची खरी मौज अशी कीं, येणारा पांथस्थ ज्यास निसर्ग म्हणून डोळे भरून पाहतो, त्यांतील फारच थोडा भाग निसर्गानें एकट्यानें केलेला आहे.

जो भाग निसर्गाचा, तोच प्रथम दृष्टीस पडतो. गांवाच्या कडेस येतांच पुढची जमीन एकाएकीं तुटते आणि एक प्रचंड खळगा समोर पसरतो. त्याच्या उतारांवर झाडी, तळाशीं हिरवीं कुरणें, आणि पलीकडे उत्तरेस दूरवर धूसर होत गेलेला सखल प्रदेश. या खळग्यास इंग्रजींत 'डेव्हिल्स पंच बोल' म्हणतात. म्हणजे सैतानाचा पंच पिण्याचा कटोरा. यांतील 'पंच' हा शब्द मराठी श्रोत्यांस परका वाटूं नये. सतराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनीं हें पेय हिंदुस्थानांतून विलायतेस नेलें, आणि मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पांच जिनसांवरून त्यास तें नांव पडलें, असें सामान्यतः मानलें जातें. सैतान मात्र तेथीलच. शेजारच्या थर्स्ली गांवाच्या नांवांत थॉर या प्राचीन देवाचें नांव दडलेलें आहे असें म्हणतात. त्या थॉरवर फेकण्यासाठीं सैतानानें येथून माती उपसली, अशी एक दंतकथा आहे. दुसरी कथा दोन राक्षसांच्या भांडणाची. एकानें येथील मूठभर जमीन उचलून दुसऱ्यावर भिरकावली, नेम चुकला, ती समुद्रांत जाऊन पडली आणि तिचें 'आइल ऑफ वाइट' हें बेट झालें.

भूगर्भशास्त्र सांगतें ती हकीकत या कथांहून कमी नवलाची नाहीं. येथें वरचा थर वालुकाश्माचा आहे आणि त्याखालीं चिकणमाती आहे. पावसाचें पाणी वालुकाश्मांतून झिरपत खालीं जातें, चिकणमातीपाशीं अडतें, आणि बाजूनें झरा होऊन बाहेर पडतें. झरा निघतो तेथील थोडी थोडी वाळू तो आपल्याबरोबर वाहून नेतो. पायाखालची वाळू गेली कीं वरचा खडक ढासळतो. मग झरा आणखी मागें सरकतो. हजारों वर्षें हेंच चाललें, आणि त्या लहानशा झऱ्यांनींच हा कटोरा कोरून काढला. त्यांचें पाणी तळांतील ओढ्यानें आजहि उत्तरेस वे नदीकडे जातें.

खळग्याच्या कांठाकांठानें पूर्वेकडे वळल्यावर पाय एका रुंद, जवळजवळ सपाट अशा पट्ट्यावर पडतात. गवत, नेचे आणि हेदराचीं झुडपें यांनीं तो आतां भरून गेला आहे, आणि ज्यास सांगितलें नाहीं त्याच्या लक्षांतहि येणार नाहीं कीं, सन २०११ पर्यंत लंडन-पोर्ट्समथचा हमरस्ता येथूनच जात होता. या रस्त्याचा बाकी बहुतेक भाग रुंद करून झाला होता. हाइंडहेडपाशीं मात्र तो अरुंदच राहिला. गांवांतील चवाठ्यावर तांबड्या-हिरव्या दिव्यांपाशीं मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत, आणि त्या रांगांचा धूर व गडगडाट या कटोऱ्यांत भरून राही. शिवाय रस्त्यानें माळाचे दोन तुकडे केले होते. रस्ता रुंद करावा तर संरक्षित माळ आणखी खावा लागणार, न करावा तर वाहनांची कोंडी सुटणार नाहीं, हा पेंच वर्षानुवर्षें पडून होता. अखेर टेकडीच्या पोटांतून सुमारें १८३० मीटर लांबीचे दोन जुळे बोगदे खणले. काम सन २००७ मध्यें सुरू झालें. जुलै २०११ मध्यें बोगदे खुले झाले. सर्व मिळून सुमारें ३७ कोटी पौंड खर्च आला. त्यानंतर जें केलें तें विशेष: वरचा जुना रस्ता उखडून काढला, जमीन पूर्वीच्या उतारास आणून मिळविली, आणि तेथें माळ पुन्हां रुजूं दिला. नवे रस्ते बांधल्याचे समारंभ सर्व देशांत होतात; वाहता राजमार्ग मोडून त्यावर झुडपें वाढविल्याचीं उदाहरणें बोटांवर मोजण्याइतकींच असतील.

येथून वाट थोडी चढून त्याहूनहि जुन्या रस्त्यास मिळते. हा घोडागाड्यांचा रस्ता. एकोणिसाव्या शतकांत खालून नवा मार्ग निघाला त्यापूर्वीं लंडनची सर्व वाहतूक या माथ्यावरून जात असे, आणि हा टापू वाटमाऱ्यांसाठीं कुप्रसिद्ध होता. रस्त्याच्या कडेस एक शिळा उभी आहे. २४ सप्टेंबर १७८६ रोजीं एक खलाशी लंडनहून पोर्ट्समथला आपल्या जहाजावर परत चालला होता. वाटेंत त्यास दुसरे तीन खलाशी भेटले. त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. यानें थर्स्लीच्या खाणावळींत त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च स्वतः सोसला. पुढें या निर्जन माथ्यावर आल्यावर त्या तिघांनीं त्यास ठार मारिलें व त्याचीं वस्त्रें घेऊन ते पळाले. तीं वस्त्रें विकण्याच्या खटपटींत असतांच कांहीं मैलांवर ते पकडले गेले. मृताचें नांव कोणासहि कळलें नाहीं, आजतागायत कळलेलें नाहीं. थर्स्लीच्या गांवकऱ्यांनीं वर्गणी करून त्या अनोळखी मनुष्यास आपल्या चर्चच्या आवारांत पुरलें व त्यावर कोरीव दगड बसविला. मारेकऱ्यांचीं नांवें मात्र सर्व लिहून ठेवलेलीं आहेत. रस्त्यावरील शिळा तेथील एका गृहस्थानें पुढें उभारिली. ती हलविणाऱ्यास किंवा इजा करणाऱ्यास तिच्या पाठीवर शाप कोरलेला आहे. कादंबरीकार डिकन्स यानें आपल्या 'निकोलस निकल्बी' या ग्रंथांत नायकास व त्याच्या दुबळ्या सोबत्यास पोर्ट्समथकडे पायीं नेतांना या शिळेपाशीं क्षणभर थांबविलें आहे.

शिळेपासून माथा जवळच आहे. त्याचें नांव 'गिबेट हिल', म्हणजे फांशीच्या खांबाची टेकडी. त्या तिघांस एप्रिल १७८७ मध्यें याच माथ्यावर फांशीं दिलें, आणि त्यांचीं प्रेतें सांखळ्यांत अडकवून, येणाऱ्याजाणाऱ्यास दहशत बसावी म्हणून, वर्षानुवर्षें तशींच टांगत ठेविलीं. चित्रकार टर्नर यानें या टेकडीचें जें चित्र प्रसिद्ध केलें त्यांत माथ्यावरचा तो खांब दिसतो. दहशत बसली, ती इतकी कीं चोरांपेक्षां साध्या वाटसरूंनींच या माथ्याची अधिक धास्ती घेतली. सन १८५१ मध्यें सर विल्यम अर्ल या न्यायाधीशानें लोकांची ही भीति जावी म्हणून येथें ग्रॅनाइटचा एक क्रूस उभारिला. त्याच्या चार बाजूंवर लॅटिन भाषेंत चार लहान वाक्यें आहेत: अंधारानंतर प्रकाश, प्रकाशांत आशा, मृत्यूंत शांति, मृत्यूनंतर उद्धार. एका न्यायाधीशाच्या हुकमानें जें भय निर्माण झालें तें दुसऱ्या न्यायाधीशानें पदरच्या खर्चानें निवारावें, यांतील विनोद बहुधा त्या थोर गृहस्थांच्याहि ध्यानांत आला असेल.

माथ्यावरून हवा स्वच्छ असतां उत्तरेस लंडनच्या उंच इमारती ओळखूं येतात. दक्षिणेस ब्लॅकडाउनची टेकडी व तिच्यापलीकडे साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्यांची लांब निळी रेघ. ऑगस्ट महिना असेल तर पायाखालचा सर्व माळ जांभळा झालेला असतो. आज जो येतो तो या देखाव्याची स्तुति करीत परततो. दोनशें वर्षांपूर्वीं असें नव्हतें. शेतकऱ्यांचा कैवारी लेखक विल्यम कॉबेट हा घोड्यावरून देश पाहत हिंडत असे. सन १८२२ मध्यें हाइंडहेड टाळावें म्हणून मुद्दाम दूरच्या वाटेनें जाण्याचा त्यानें बेत केला, वाटाड्या घेतला, आणि वाटाड्या चुकल्यामुळें अंधारांत, भर पावसांत, नेमका याच माथ्यावर येऊन पोंचला. या स्थळाइतकें दुष्ट स्थळ ईश्वरानें दुसरें केलें नसेल, असें त्याचें मत होतें. कॉबेटची दृष्टि शेतकऱ्याची होती; जेथें गहूं पिकत नाहीं ती भूमि त्यास शापित वाटे. त्याच्या मताचा राग मानण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या दरिद्री जमिनीचा त्यास तिटकारा आला, तिच्या दारिद्र्यांतच या माळाचें सर्व वैभव आहे, ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

इंग्रज लोक ज्यास 'हीथ' म्हणतात तो झुडपी माळ वाळूच्या जमिनीवर होतो. पावसानें अशा जमिनींतील कस धुवून खोल जातो; वर उरते ती आंबट, निकस माती. तींत हेदर नांवाचें गुडघाभर उंचीचें, बारीक पानांचें, काष्ठमय झुडूप वाढतें. त्यास उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळ्या-गुलाबी फुलांचे तुरे येतात. त्याच्या जोडीस गॉर्स हें पिवळ्या फुलांचें कांटेरी झुडूप, रानटी बिलबेरी आणि नेचे. परंतु असल्या निकस जमिनीसहि तसेंच पडूं दिलें तर ती माळ राहत नाहीं. बर्च, म्हणजे ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ लिहिले त्या भूर्जवृक्षाचा विलायती भाऊ, आणि पाइन, हे दोन वृक्ष वाऱ्यावर बीं पाठवितात. दहा-वीस वर्षांत तीं रोपें माथा काढतात, त्यांचा पालापाचोळा कुजून माती सुधारते, सांवली दाट होते, आणि हेदर मरतें. मूळचें येथें अरण्यच होतें. तें इतिहासपूर्व काळच्या लोकांनीं गुरांसाठीं व शेतीसाठीं तोडलें, जमिनीचा कस गेला, आणि माळ झाला. तेव्हांपासून तीन-चार हजार वर्षें तो माळ राहिला, याचें कारण गरीब माणसांनीं त्यास कधीं स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

हा माळ 'कॉमन' होता. महाराष्ट्रांतील गायरानाशीं त्याची तुलना सुचते, पण ती पुरती जुळत नाहीं. कॉमनची मालकी जहागीरदाराची असे. तेथें गुरें चारण्याचा, सरपण व नेचे तोडण्याचा, जळणासाठीं मातीसकट गवताचे चौकोनी तुकडे कापण्याचा हक्क मात्र आसपासच्या ठराविक घरांना असे. गुरें बर्चचीं रोपें खुडून टाकीत. गॉर्स भाकरीच्या भट्टींत जाई. नेचे गोठ्यांत अंथरीत. हेदरानें छपरें शाकारीत. दर वर्षीं जें उगवे तें कोणी ना कोणी नेई, म्हणून जमीन निकस राही आणि म्हणूनच हेदर फुले. कटोऱ्याच्या तळाशीं झोपड्या बांधून राहणारे कांहीं लोक बर्चच्या डहाळ्यांचे व हेदराचे खराटे बांधून विकण्यावर निर्वाह करीत. शेजारीपाजारी त्यांस थट्टेनें 'ब्रूम-स्क्वायर', म्हणजे खराट्यांचे इनामदार, म्हणत. बेअरिंग-गूल्ड यानें सन १८९६ मध्यें त्यांच्यावर एक कादंबरीच लिहिली. या लोकांच्या जीवनांत रम्य असें फारसें कांहीं नव्हतें. खळग्यांतील ओल, थंडी आणि पिढीजाद कंगाली होती. परंतु दरवर्षीं हजारों डहाळ्या कापून त्यांनीं जो माळ अभावितपणें राखला, त्याचें सौंदर्य पाहण्यासाठीं पुढें जे आले त्यांच्यापैकीं कोणीं त्यांची आठवण ठेविली, तें कळत नाहीं.

कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चक्र फिरलें. सन १८५९ मध्यें जवळच्या हॅझलमेअर गांवीं आगगाडी आली होती. पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ जॉन टिंडल यानें हाइंडहेडवर घर बांधलें. येथील हवा आल्प्स पर्वताच्या हवेच्या तोडीची आहे असें त्यानें सांगितल्यावर श्रीमंत लोकांची रीघ लागली. बिचाऱ्या टिंडलला नको ते शेजार आले, आणि समोरचें घर दिसूं नये म्हणून त्यानें आपल्या आवारांत उंच पडदे उभारले, अशी गोष्ट सांगतात. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल हाहि येथेंच, क्षयानें आजारी असलेल्या पत्नीसाठीं, सन १८९७ पासून दहा वर्षें राहिला. त्याच्या या मुक्कामाशीं मुंबईचा एक धागा जोडलेला आहे. मुंबईच्या पारशी कुळांत जन्मून ख्रिस्ती झालेले शापूरजी एदलजी इंग्लंडमधील एका खेड्यांत धर्मोपदेशक होते. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज यास सन १९०३ मध्यें गुरें जखमी केल्याच्या आरोपावरून सात वर्षांची सजा झाली. तो निरपराध आहे अशी डॉयलची खात्री पटली. जानेवारी १९०७ मध्यें त्यानें वर्तमानपत्रांतून त्याचा कैवार घेतला, आणि त्याच वर्षीं सरकारला त्या मुलास माफी द्यावी लागली.

श्रीमंतांच्या या रीघेंत माळाचें काय झालें असतें हें सांगण्यास भविष्यवाद्याची गरज नव्हती. एकेक बंगला, एकेक कुंपण. कॉमनवर गुरें चारण्याचा हक्क कांहीं घरांना असला तरी फिरावयास येणाऱ्या सामान्य मनुष्यास तेथें पाऊल टाकण्याचा कायदेशीर हक्क नव्हता. मालकाची मर्जी होती तोंवर तो फिरे. आणि मालक होता व्हिटेकर राइट नांवाचा एक मोठा भांडवलवाला, ज्याच्या कंपन्या बुडून हजारों लोकांचा पैसा गेला. जानेवारी १९०४ मध्यें लबाडीबद्दल त्यास सात वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि न्यायालयाच्या इमारतींतच विष घेऊन त्यानें प्राण दिला. त्याची मालमत्ता लिलांवास निघाली. तींत हाइंडहेडचा माळहि होता.

हॅझलमेअरला सर रॉबर्ट हंटर नांवाचे वकील राहत. टपाल खात्याचे ते कायदेसल्लागार. तरुणपणापासून कॉमन जमिनींच्या रक्षणासाठीं त्यांनीं न्यायालयांत झगडे केले होते, आणि सन १८९५ मध्यें ऑक्टेव्हिया हिल व कॅनन रॉन्स्ली यांच्यासह 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापली होती. स्थानिक रहिवाशांनीं त्यांच्या नेतृत्वाखालीं वर्गणी जमविली, लिलांवांत साडेसातशें एकरांच्या सुमाराचा हा माळ घेतला, आणि सन १९०६ मध्यें तो ट्रस्टच्या हवालीं केला. दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटच्या कायद्यानें ट्रस्टला आपल्या जमिनी कायमच्या अविक्रेय ठरविण्याचा अधिकार मिळाला. हंटर सन १९१३ मध्यें वारले. त्यांचें नांव आज इंग्लंडांतहि थोड्यांस ठाऊक आहे, हें बरें नव्हे. सन २००० च्या कायद्यानें तर नकाशांत दाखविलेल्या डोंगरपठारांवर, हीथवर आणि नोंदलेल्या कॉमन जमिनींवर पायीं फिरण्याचा हक्क सर्वांसच दिला; पण तो हक्क देण्यास जमीन उघडी राहिली होती, ती असल्या माणसांमुळें.

जमीन वांचली, माळ वांचला असें म्हणतां येईना. कागदोपत्रीं रक्षण झाल्याच्या सुमारास खराटेवाले संपत आले होते. कोळसा स्वस्त झाला, सरपणास कोणी येईना, गुरें गेलीं. ज्याचें रक्षण करावयाचें त्यास हातहि लावावयाचा नाहीं, असा भाबडा समज होता. बर्च व पाइन यांस तेवढेंच पाहिजे होतें. सन १८०० मध्यें इंग्लंडांत असा सखल प्रदेशांतील माळ जितका होता, त्यांतील पांचांत चार हिस्से विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नाहींसे झाले. कांहीं नांगराखालीं, कांहीं घरांखालीं, आणि उरलेले केवळ झाडांखालीं. त्याबरोबर त्यावर जगणारे प्राणीहि. डार्टफर्ड वॉर्ब्लर हा शेपटी उभारून गॉर्सवर बसणारा इवलासा पक्षी सन १९६२-६३ च्या कडक हिंवाळ्यानंतर सबंध इंग्लंडांत दहा-अकरा जोड्यांवर येऊन ठेपला होता. रातवा पक्षी आफ्रिकेंतून मे महिन्यांत येतो आणि उघड्या जमिनीवरच अंडीं घालतो; रान दाट झालें कीं त्यास ठाव उरत नाहीं.

म्हणून गेल्या कांहीं दशकांत येथें कुऱ्हाड पुन्हां हातीं घेतली आहे. बर्च व पाइन तोडतात, नेचे दडपतात, कुजलेल्या पाल्याचा थर खरवडून काढतात. आश्चर्य असें कीं, हेदराचें बीं जमिनींत अनेक दशकें जिवंत राहतें. वरचा थर निघून ऊन लागलें कीं तें उगवतें. हायलंड जातीचीं लांब केसांचीं गुरें आणि एक्समूरचीं तट्टें चरावयास सोडतात. पूर्वीं गरिबांचीं गुरें जें पोटासाठीं करीत, तेंच हीं आतां संस्थेच्या योजनेनुसार करितात. झाडें तोडतांना पाहून पुष्कळ लोक चिडतात. इंग्लंडच्या अनेक माळांवर अशा तोडीस रहिवाशांनीं कडक हरकती घेतल्या आहेत. त्यांचा राग समजण्याजोगा आहे. झाड लावणें पुण्य व तोडणें पाप, ही शिकवण लहानपणापासून सर्वांस मिळते, आणि बहुतेक ठिकाणीं ती खरीहि आहे. परंतु प्रत्येक मोकळी जमीन ही ओसाड जमीन नव्हे. महाराष्ट्रांतहि माळरानांवर सरसकट रोपें लावणाऱ्यांनीं तणमोराचा व लांडग्याचा विचार आधीं करावा, इतकें या प्रसंगानें सुचतें.

माथ्यावरून वाट आग्नेयेस 'हर्ट हिल'कडे उतरते. 'हर्ट' हें बिलबेरीच्या काळ्यानिळ्या फळांचें तेथील गांवठी नांव. तीं वेंचण्यास मुलेंबाळें उन्हाळ्यांत येथें येत. राइटची मालमत्ता पुढें लॉर्ड पिरी यांनीं घेतली. 'टायटॅनिक' जहाज बांधणाऱ्या कंपनीचे हे अध्यक्ष. त्यांनीं येथें शिकारीसाठीं 'चार वाऱ्यांचें मंदिर' या नांवाचा एक सुंदर मंडप बांधला होता. तो सन १९६६ मध्यें पाडला गेला, आणि आतां त्याचें जोतें तेवढें झाडांत उरलें आहे. त्यावर बसून शिदोरी सोडण्यास मात्र तें फार सोयीचें आहे.

येथून परतीचा सर्व मार्ग वनांतून आहे. माळाचा महिमा ऐकून कोणी वनास कमी लेखूं नये. उन्हांतून आल्यावर पाइनच्या सळसळीखालचा गारवा, पायवाटेवरील सुयांचा मऊ थर, ओक आणि बीच यांच्या सालीवरील शेवाळ, हें सर्व त्याच्या जागीं उत्तम आहे. आणि माळ व वन हीं एकमेकांशेजारीं असल्यानेंच या फेरीस रुचि आली आहे. चढण अशी कोठेंच नाहीं. पावसानंतर वाळूची वाट लवकर कोरडी होते. वनांत मात्र चिखल असतो, तेव्हां जाड तळाचे जोडे घालावे. मार्च ते जुलै या महिन्यांत कुत्रें बरोबर असल्यास दोरी दोन मीटरांहून लांब सोडूं नये असा कायदाच आहे, कारण त्या दिवसांत जमिनीवर पिलें असतात. विस्तव पेटवूं नये हें सांगावयास नको. मे २०२० च्या अखेरीस शेजारच्या थर्स्ली कॉमनला लागलेल्या आगींत माळाचा फार मोठा भाग जळून गेला.

वन संपतां संपतां वाट पुन्हां जुन्या रस्त्याच्या पट्ट्यावर येते. खालीं कोठेंतरी, कित्येक फूट वालुकाश्माखालीं, पोर्ट्समथच्या मोटारी धांवत असतात. वर कांहींच ऐकूं येत नाहीं. जून महिना असेल आणि घाई नसेल तर सूर्यास्तानंतर अर्धा तास येथें थांबावें. काळोख पडूं लागला म्हणजे रातव्याची घरघर सुरू होते, चरखा फिरावा तशी, न थांबतां, कधीं डाव्या बाजूनें तर कधीं उजव्या. उपाहारगृह तोंवर बंद झालेलें असतें, तेव्हां चहा आधींच घेऊन ठेवावा.